कागदाबरोबर वाचणाराही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांचा निरोप असा होता की प्रत्येकाने आपल्या कामातली एकच गोष्ट सांगायची, वीस मिनिटांत, आणि ती मागच्या बाकावरच्यालाही कळली पाहिजे. डॉक्टरमंडळींना हे सोपं आहे, त्यांच्या गोष्टीत आजारी माणूस असतो. वकिलांच्या गोष्टीत भांडण असतं. माझ्या गोष्टीत एक प्रोग्रॅम आहे आणि तो उघडत नाही. पण तो उघडला नाही की दूध घेऊन आलेली माणसं रांगेत उभी राहतात, म्हणून तुमच्यापुढे मांडायचं धाडस करतो.

आपल्यातले बरेचजण आजही डेअरीला दूध घालतात. तुम्ही किटली मापावर ठेवता, सचिव नमुना फॅट मशीनमध्ये धरतो, स्क्रीनवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर येतो आणि बारकी पावती बाहेर पडते. दहा दिवसांनी त्या पावत्यांचं बिल होतं. मापाची आणि मशीनची एकेक केबल मागून कॉम्प्युटरला गेलेली असते. त्या दोन्ही केबलींवरचे आकडे वाचून हिशेब करणारा प्रोग्रॅम आम्ही दोघं भागीदार लिहितो. सध्या ३६ संस्थांत तो चालतो. हे काम मोबाइलवर किंवा वेबसाइटवर का नाही, असं मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. पहाटे साडेपाचला रेंज नसते आणि दूध थांबत नाही. सकाळचा टँकर ठरल्या वेळेला निघतो. त्यामुळे प्रोग्रॅम त्या टेबलावरच्या मशीनमध्येच असावा लागतो.

आमचा प्रोग्रॅम जावा नावाच्या भाषेत आहे. आता एवढं एकच तांत्रिक ऐकून घ्या. जावात लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला थेट कळत नाही. मध्ये एक वाचणारा लागतो, त्याला रनटाइम म्हणतात. ज्यांच्या घरी जुने मोडी कागद आहेत त्यांना हे लगेच कळेल. कागद तुमच्या हातात आहे, त्यावर तुमच्याच जमिनीचं लिहिलेलं आहे, पण मोडी वाचणारा आणल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. जावाचा प्रोग्रॅम म्हणजे तो कागद.

सन कंपनीने १९९५ साली जावा बाजारात आणली तेव्हा हीच तिची मोठी खुबी होती. कागद एकदा लिहा, आणि जिथे जिथे वाचणारा बसवलेला आहे तिथे तो चालेल, मग मशीन कुठल्याही बनावटीचं असो. वाचणारा मात्र गिऱ्हाइकाने आपल्या मशीनवर आधी बसवून ठेवायचा. आम्ही सुरुवात केली तेव्हा सगळीकडे हीच रीत होती. प्रोग्रॅम देताना सोबत एक कागद द्यायचा: आधी जावा बसवा, मग हे बसवा. व्हिज्युअल बेसिकवाल्यांचंही तेच होतं, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांचंही तेच.

आता ती पहाट. एका संस्थेतून पावणेसहाला फोन आला की चिन्हावर क्लिक केलं तर काहीच होत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच मशीनवर कोणीतरी एक ऑनलाइन अर्ज भरला होता. त्या अर्जाला जावाची जुनी आवृत्ती लागत होती, म्हणून त्याने नवी काढली आणि जुनी बसवली. अर्ज भरला गेला. त्या माणसाचंही काही चुकलं नव्हतं, त्याला त्याचं काम करायचं होतं. पण आमच्या कागदाचा वाचणारा घरातून निघून गेला होता आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला होता.

सचिवांनी वही काढली. रांग हलली, टँकर वेळेवर गेला. नंतर दुपारी वहीतल्या दोनशेच्या वर ओळी पुन्हा कॉम्प्युटरमध्ये भरल्या, आणि दहाव्या दिवशी बिल वाटताना एक बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या म्हशीच्या दुधाला त्या दिवशी ६.७ फॅट लागली होती, त्यांनी स्वतः मशीनवर पाहिली होती. बिलात ६.१ होती. घाईत लिहिलेला सात आणि एक यांच्यातला फरक वहीत काही केल्या ठरेना. पावती नव्हती. संस्थेने शेवटी त्यांचं म्हणणं मान्य केलं. पण दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला आपला आकडा खरा आहे हे चार लोकांसमोर सांगत बसावं लागलं, आणि तेही तिचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही अशा एका फाइलपायी.

त्या फेरीनंतर आम्ही ठरवलं की वाचणारा आपणच कागदाबरोबर पाठवायचा. म्हणजे प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच जावाचा रनटाइम ठेवायचा, फक्त आमच्या प्रोग्रॅमपुरता. मशीनवर दुसरी कुठली जावा आहे, आहे की नाही, नवी की जुनी, याची चौकशीच करायची नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. पूर्वी त्यात अडचण आकाराची होती. रनटाइम म्हणजे एकच अखंड ठोकळा होता. त्यात तुम्हाला लागणारं आणि न लागणारं सगळं भरलेलं, दीडशे एमबीच्या पुढे जाणारं. २०१७ मध्ये जावाची ९वी आवृत्ती आली आणि त्या ठोकळ्याचे ७०च्या आसपास सुटे भाग झाले. त्यांना मोड्यूल म्हणतात. सोबत जेलिंक नावाचं साधन आलं. तुमच्या प्रोग्रॅमला लागणारे तेवढेच भाग सांगा, ते तेवढ्याचाच छोटा रनटाइम बांधून देतं. कोणते भाग लागतात हे शोधायला जेडेप्स नावाचं वेगळं साधन आहे. पुढे जेपॅकेज आलं. मार्च २०२० मध्ये १४व्या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आणि मार्च २०२१ मध्ये १६व्या आवृत्तीत कायमचं. हे प्रोग्रॅम आणि रनटाइम एकत्र करून विंडोजवर नेहमीचा इन्स्टॉलर बनवून देतं. दोनदा क्लिक केलं की झालं. आमचा इन्स्टॉलर साधारण ५० एमबीचा होतो.

दरम्यान जावावाल्यांनी स्वतःच जुनी वाट बंद करत आणली होती. ब्राउझरमधून प्रोग्रॅम सुरू करायची वेब स्टार्ट नावाची सोय ११व्या आवृत्तीत, २०१८ मध्ये, काढून टाकली गेली. गिऱ्हाइकाने उतरवून घ्यायचा वेगळा रनटाइम देणंही ओरॅकलने त्याच आवृत्तीपासून थांबवलं. म्हणजे आम्ही फार दूरदर्शी होतो असं समजू नका. वाराच त्या दिशेला होता.

सुटे भाग निवडताना एक गंमत कळते, ती मराठी माणसाने ऐकण्यासारखी आहे. महिन्यांची आणि वारांची नावं वेगवेगळ्या भाषांत कशी लिहायची याचा साठा जावात एका वेगळ्या मोड्यूलमध्ये असतो. जेडेप्सला विचारलं तर ते त्या मोड्यूलचं नाव घेत नाही, कारण प्रोग्रॅम त्याला थेट हाक मारत नाही. ते आडून वापरलं जातं. ते मोड्यूल घेतलं नाही तरी प्रोग्रॅम उत्तम चालतो, एकही चूक दाखवत नाही. फक्त तारखेतला ‘ऑगस्ट’ गुपचूप इंग्रजी होतो. अमेरिकेतल्या माणसाला हे कधी कळणारच नाही. त्यामुळे ते मोड्यूल हाताने मागून घ्यावं लागतं, आणि त्यातूनही फक्त मराठी, हिंदी आणि भारतीय इंग्रजी एवढंच ठेवून बाकीच्या भाषा गाळता येतात. नाहीतर जगभरच्या भाषांतल्या महिन्यांची नावं गावच्या दूध संस्थेत नेऊन ठेवल्यासारखं होईल.

अक्षरांचंही तसंच. वाचणारा बदलला की वाचन बदलतं. जोडाक्षरं कशी जुळवायची, वेलांटी कुठे बसवायची हे काम करणारं जावातलं यंत्र ९व्या आवृत्तीत बदललं. आता तिथे हार्फबझ नावाचं मुक्त साधन आहे. आपण रनटाइम सोबत नेला की ३६ ठिकाणी ‘ज्ञानेश्वर’ एकाच यंत्रातून जुळवला जातो. फाँट मात्र त्या मशीनवर कुठला असेल याचा भरवसा नसतो, म्हणून तोही आम्ही सोबतच देतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा फाँट मुक्त परवान्याखाली आहे, प्रोग्रॅमबरोबर वाटायला त्यांची हरकत नसते. पावतीवर आपलं नाव चौकोन चौकोन न येता नीट यावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ‘आवृत्ती थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं’ असं लोक म्हणतात. जावाच्या २०व्या आवृत्तीत अमेरिकन इंग्रजी पद्धतीने वेळ लिहिताना आकडा आणि एएम-पीएम यांच्यातली साधी मोकळी जागा बदलली. तिच्या जागी एक अरुंद, न तुटणारी जागा आली. स्क्रीनवर डोळ्याला फरक दिसत नाही. पण जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ते अक्षरच माहीत नसतं, त्यामुळे तिथे प्रश्नचिन्ह छापलं जाऊ शकतं. आणि ती वेळ पुन्हा वाचून हिशेब करणारा प्रोग्रॅम अडखळतो. प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नाही. दोन मोडी वाचकांनी एकच अक्षर वेगळं लावावं तसं. कोणता वाचणारा जाणार हे आपण ठरवलेलं असलं, तर हा बदल आपल्या टेबलावर सापडतो, त्यांच्या टेबलावर नाही.

बांधून झाल्यावरचे ताप थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं फार नाही. जेपॅकेज ज्या मशीनवर चालवाल त्याच प्रकारचा इन्स्टॉलर देतं, म्हणून विंडोजसाठी विंडोजवरच बांधावं लागतं. बसवताना ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर विकणाऱ्याकडे असतो. त्यावर उपाय म्हणून फक्त त्या वापरकर्त्यापुरतं बसवायचा पर्याय निवडायचा. इन्स्टॉलरवर आपली डिजिटल सही नसेल तर विंडोज निळा पडदा दाखवून घाबरवतं. ‘तरीही चालवा’ दाबा, असं फोनवर सांगता येतं. पण मला ते पटत नाही. अनोळखी फाइलवर ‘तरीही चालवा’ दाबायची सवय आपणच लावायची आणि मग बँकेच्या नावाने आलेली फसवी फाइल उघडली म्हणून लोकांना हसायचं, हे बरोबर नाही. सहीचं प्रमाणपत्र दर काही काळाने विकत घ्यावं लागतं आणि जून २०२३पासून त्याची किल्ली पेनड्राइव्हसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. खर्च आहे. तो करायचा.

आता खरा मुद्दा. रनटाइम गिऱ्हाइकाचा होता तेव्हा त्याची निगाही गिऱ्हाइकाची होती. निदान कागदोपत्री. आपण तो आपल्या डब्यात घातला त्या दिवसापासून त्याची निगा आपल्याकडे आली. आणि हे कोणी आनंदाने सांगत नाही. पॅकेजिंगवर बोलणारे लोक ‘वापरणाऱ्याला आता काहीच करावं लागत नाही’ इथे थांबतात. काहीच करावं लागत नाही, कारण त्याला आता काही करताही येत नाही. आमच्या फोल्डरमधला रनटाइम जुना झाला आहे हे संस्थेच्या सचिवांना कधीही कळणार नाही. मशीनवर दुसरी जावा अद्ययावत केली तरी आमच्या आतलीला हात लागत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झालेलं एक भोक सांगतो. जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांत डिजिटल सही तपासण्याच्या एका पद्धतीत दोष निघाला. सहीच्या जागी नुसती शून्यं भरली तरी तपासणारा म्हणायचा की सही खरी आहे. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा न उमटवताच दस्त नोंदवला जावा, तसं. दुरुस्ती लगेच आली. पण कोणासाठी आली? ज्यांनी रनटाइम सोबत बांधून दिला होता त्यांच्या गिऱ्हाइकांपर्यंत ती आपोआप पोचणार नव्हती. बांधणाऱ्याने नवा रनटाइम घेऊन पुन्हा बांधायचं, पुन्हा सही करायची आणि पुन्हा प्रत्येक मशीनवर नेऊन पोचवायचं. जावाच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षातून चारदा येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. म्हणजे वर्षातून चारदा ३६ संस्था. जेपॅकेज इन्स्टॉलर बनवतं, पण स्वतःला अद्ययावत करायची सोय देत नाही. ती आपली आपण करायची, आणि दर वेळी पूर्ण ५० एमबी. रेंज नसलेल्या गावात तो पेनड्राइव्हवर जातो आणि भागीदार मोटारसायकलवर जातो.

तरीही मी म्हणेन की बांधूनच द्यावं. निगा कोणीतरी करायचीच आहे. ३६ सचिवांनी जावाच्या आवृत्त्या सांभाळायच्या की आम्ही दोघांनी, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यातलं आमचं पोट त्यावर भरतं. पण ज्याला चार-पाच वर्षं हे निभावायची तयारी नाही त्याने रनटाइम बांधून देऊन नाहीसं होऊ नये. त्यापेक्षा ‘जावा तुम्ही बसवा’ असं स्पष्ट सांगणारा परवडला.

म्हणून आम्ही करारात दोन गोष्टी घातल्या आहेत. तिमाही दुरुस्ती वार्षिक शुल्कातच धरलेली आहे, वेगळी मागायची नाही. आणि प्रोग्रॅम कसा बांधायचा याची सगळी कृती, कोणती आवृत्ती, कोणते मोड्यूल, कोणती आज्ञा, संस्थेकडे छापील स्वरूपात असते. आमच्या मूळ कोडसकट. उद्या आम्ही दोघं नसलो किंवा कंटाळलो तर दुसऱ्या कोणालाही जानेवारीचा रनटाइम काढून एप्रिलचा घालता यावा. ओपनजेडीके हा जावाचा मुक्त अवतार परवान्याच्या दृष्टीने याला मोकळीक देतो. परवान्याचे मजकूर सोबत ठेवायचे. भागीदार सुरुवातीला म्हणाला, कोड दिला तर ते उद्या दुसऱ्याकडे जातील. जातील की. अजून कोणी गेलेलं नाही.

आता शेवटचं, आणि इथे मला तुमची मदत पाहिजे. आपल्या ३६ पैकी पाच संस्थांत अजून ३२ बिटचं जुनं विंडोज आहे. ३२ बिट विंडोजसाठीचा जावाचा आधार २४व्या आवृत्तीत, मार्च २०२५ मध्ये, काढून टाकला गेला. १७व्या आवृत्तीवर आम्ही त्यांना सध्या चालवतो आहोत, पण तिच्या दुरुस्त्याही कधीतरी थांबणारच. त्यानंतर त्या मशीनवर मी जे बांधून देईन त्यातलं भोक मला बुजवता येणार नाही. प्रोग्रॅम चालेल, पावती निघेल, दिसायला सगळं ठीक असेल. म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

त्या पाचही संस्था लहान आहेत, नवीन मशीन घेणं त्यांना जड जातं. तुमच्यापैकी पुण्या-मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या ऑफिसांतून दर तीन-चार वर्षांनी कॉम्प्युटर बदलले जातात. त्यातले निघणारे पाच, ६४ बिटचे, ४ जीबी मेमरीचे असले तरी पुष्कळ. माप आणि फॅट मशीनला जुन्या पद्धतीचं सीरियल पोर्ट लागतं, ते नसलं तरी चालेल, यूएसबीचं कन्व्हर्टर आम्ही घालू. कंपनीची रीतसर परवानगी घ्या आणि हार्ड डिस्क पुसून द्या. नोंदणी बाहेरच्या टेबलावर आहे.

आणि कृपा करून पॉवर केबल सोबत द्या. गेल्या वेळी दोन मशीन आली होती, केबलीशिवाय.